अर्ध्या पुलाचा आमदार

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जोरदार भाषण मी ज्या गावात ठोकलं, त्या गावातल्या एकाही माणसाला मला मत देता येत नव्हतं. हे मला कळलं तेव्हा गळ्यात हार पडला होता, चहा पिऊन झाला होता, आणि आश्वासनही देऊन झालं होतं.

संपादकांनी पत्रात 'राजकीय वाटचालीचा आढावा' मागितला आहे. आढावा घेण्याएवढी वाटचाल नाही हो. एकदा निवडून आलो, एकदा पडलो. मतं मी पंगतीत मोजतो, कारण तेवढाच हिशेब मला डोळ्यांपुढे दिसतो. लग्नात एका दमात जेवायला बसतात ती एक पंगत. पहिल्या वेळी मी दोन पंगतींनी जिंकलो, दुसऱ्या वेळी एका पंगतीनं हरलो. मधली पाच वर्षं एका पुलात गेली. पुलात म्हणजे अर्ध्या पुलात. तेवढंच सांगतो.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी आमचा मुलूख. सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा मध्य प्रदेशात आहे, पण आम्हाला ते कागदपत्रं काढायची वेळ आली की आठवतं. घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी, मंडीत दोन्ही. दवाखाना नागपूरचा, सोयरीक काटोल-नरखेडची आणि राजधानी भोपाळची. सीमा कुठून जाते ते पटवाऱ्याला माहीत असतं. बाकीच्यांना बांध माहीत असतात, पांदण माहीत असते आणि पलीकडं कोणाची आत्या राहते ते माहीत असतं.

मी मूळचा मंडीतला. संत्र्याच्या ढिगापाशी उभं राहून बोली बोलायचो. चाळीस माणसांच्या गोंगाटात आवाज पोचला पाहिजे आणि डोळ्याची पापणी कोणाची हलली ते दिसलं पाहिजे, एवढंच ते काम. त्या धंद्याचा एकच नियम: बोली वर जाते, खाली येत नाही. वीस वर्षं हेच केल्यावर जिभेला सवय लागते. ही सवय मंडीत पोट भरते आणि राजकारणात घात करते, हे मला कोणी आधी सांगितलं नाही.

उभा का राहिलो, याचं भारदस्त कारण नाही. मंडीतल्या लोकांनी चहा पिता पिता मला उभं केलं आणि चहा संपल्यावर कोणी बस म्हणालं नाही. अपक्ष होतो. चिन्ह मिळालं शिडी. आम्हाला फार आनंद झाला, कारण संत्री तोडायला प्रत्येक बगीच्यात शिडी असतेच. मी माझ्याच बगीच्यातली बांबूची शिडी जीपच्या टपावर बांधली आणि प्रचार सुरू केला. विरोधातले भैयाजी मोठ्या पक्षाचे, माणूस दिलदार, पण जिभेला धार. ते पहिल्याच सभेत म्हणाले, "वासुदेवभाऊंची शिडी चांगली हाय. पण टेकवायले भिंत कुठी हाय?"

तरी त्या नोव्हेंबरात जी मजा आली ती पुन्हा आली नाही. पहाटे निघायचं, बगीच्याबगीच्यात तोडा चालू, झाडावरूनच बाया हात करायच्या. "भाऊ, शिडी इकडं आना, आमची तुटली," असं ओरडायच्या. मी खरंच जीप थांबवून शिडी लावून द्यायचो, चार संत्री तोडायचो आणि पुढं जायचो. रात्री झोपेतही मी मतं मागतो, असं बायको सांगायची.

निवडणुकीचं खरं काम भाषणाचं नसतं, यादीचं असतं. माझी यादी ढोबळे मास्तरांकडे होती. मास्तर निवृत्त, शिस्तीचे. मतदारयादीचा कागद वहीसारखा शिवून काखेत. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. गावात शिरल्यावर पहिल्यांदा रागावलेल्या माणसाच्या घरी जायचं, कारण खूश असलेला कुठं जात नाही. आणि यादीत नसलेल्या माणसाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही.

त्या दिवशी कळमटोल्याला जायचं होतं. मधल्या गावात मास्तरांना एका म्हाताऱ्यानं धरून ठेवलं; त्याचं नाव यादीत मयत म्हणून पडलं होतं आणि तो मास्तरांना स्वतः जिवंत असल्याचा पुरावा देत होता. मास्तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी मागून येतो." माझा ड्रायव्हर शेषराव म्हणाला, "भाऊ, डांबरी रोडनं फेरा पडते. शेतातल्या पांदनीनं नेतो." नेलं. पांदण संपली, एक नाला आला, घोट्याएवढं पाणी. जीप नाल्यातून खडखडत वर चढली आणि समोर गाव.

गाव पाहून मी हरखलो. पाराजवळ लोक आधीच जमलेले. बाजूला शाळा, तिच्यावर मोठ्या मराठी अक्षरांत पाटी: जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. आमच्याकडे अशी पाटी 'शासकीय प्राथमिक शाला' अशी हिंदीत असते. माझा ऊर भरून आला. एक लाल एसटी पारापाशी उभी होती, तिच्याकडे पाहूनही मला काही शंका आली नाही. वाटलं, नागपूरवरून कोणी आलं असेल. आख्खी एसटी घेऊन. माणूस उत्साहात असला की असा विचार करतो.

मी शिडीवर चढलो. हो, खरंच चढायचो. शेषराव खाली धरायचा आणि मी चौथ्या पायरीवरून बोलायचो. म्हणालो, "मायबाप हो, अख्खा मतदारसंघ फिरलो, पण शाळेवर मराठी पाटी लावायची हिंमत याच गावानं केली. या गावाच्या स्वाभिमानाला मी नमस्कार करतो." टाळ्या पडल्या. काही लोक एकमेकांकडे पाहत होते. मला वाटलं, भारावले.

अर्धा तास बोललो. खाली उतरलो तर एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या हातात चहाचा पेला दिला. अनसूयाबाई. कपाळावर ठसठशीत गोंदण, आवाज मंडीत शोभेल असा.

"बोलते तं चांगला तू," ती म्हणाली. "एक काम करशीन काय?"

"सांग ना माय."

"थो नाला पाह्यला ना, जिथून तू आला? त्याच्या पल्याड कळमटोल्यात माही पोरगी देली हाय. शोभा. हे पाह्य, थो जो कवेलूचा घर दिसते, निंबाच्या झाडाजौळ, थो तिचा. पानी असलं का चार महिने जाता येत नाही. डांबरी रोडनं फेरा मारला तं अर्धा दिवस जाते. आमी मायलेकी दोन काठावर उभ्या राहून बोंबलतो. आख्ख्या गावाले आयकू जाते, सासूचं काही सांगताच येत नाही तिले. तू आमाले चार मोठे गोटे टाकून दे नाल्यात. पाय ठेवून जाता येईन एवढे."

चार गोटे. आमच्या भागात गोट्यांचा तोटा कधीच नव्हता. त्याच दिवशी जीपमधून उतरून शेषरावनं आणि मी टाकले असते. पण माझ्या कानांनी ऐकली ती पहिली बोली होती, आणि पुढची बोली लावणं हा माझा धंदा.

"गोटे काऊन, माय? सिमेंटचा बुटका रपटा बांधून देतो."

पारावरून एक जण म्हणाला, "रपट्यावरून पानी जाते ना भाऊ."

"मग रपटा काऊन? पूल."

"पुलावरून बैलगाडी जाईन का?" दुसरा.

"बैलगाडी? एसटी जाईन. दोन्हीकडून कठडे लावून. शोभाताई कठड्याले टेकून मायले सासूची तक्रार सांगेन."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. अनसूयाबाई हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "गोटेच मांगतले होते बावा म्या. पन बोलला तं करजो."

मग एका माणसानं हार घातला, आणि हार नीट करता करता अगदी सभ्यपणे विचारलं, "भाऊ, तुमी उभे कुठून हाय?"

"इथूनच ना."

"इथून कसे? आमची निवडनूक तं पुढच्या साली हाय."

मी शाळेच्या पाटीकडे पाहिलं. मग एसटीकडे पाहिलं. मग शेषरावकडे पाहिलं, तर तो जीपचं चाक तपासायला खाली वाकला होता.

"हे कोनतं गाव हाय?"

"आवळघाट. महाराष्ट्र."

"मग तुमी मले बोलू काऊन देलं?"

"तुमी एवढा जीव तोडून बोलून राहिले होते," तो म्हणाला, "मधात कसं टोकाव?"

परत नाला ओलांडून आलो तर मास्तर कळमटोल्याच्या वेशीवर उभे. मी सगळं सांगितलं. मास्तरांनी डोळे मिटले. "दोन मिनिटं," ते म्हणाले. "यादीत नसलेल्या माणसाला दोन मिनिटं सांगितलं होतं मी. तुम्ही आख्ख्या राज्याला अर्धा तास दिला."

घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. माझी बायको कुंदा नरखेडकडची. तिच्या मावसबहिणीचा फोन येऊन गेला होता. कुंदानं दारातच, पाणीही न देता, विचारलं, "महाराष्ट्रात पूल बांधून राहिले म्हने तुमी?"

मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. दुसऱ्या दिवशी भैयाजींनी सभेत सांगितलं, "ज्या मानसाले आपला मतदारसंघ कुठी संपते ते मालूम नाही, थो भोपाळले जाता जाता कलकत्त्याले पोचेन." लोक पोट धरून हसले. मी त्या सभेच्या मागून जात होतो, मीही हसलो. वाक्य चांगलं होतं.

एकटी कुंदा हसत नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, मत नसन त्याहीचं. पन लेकी कुठी देल्या त्याहीनं? आपल्याकडंच ना. आवळघाटची एक लेक कळमटोल्यात हाय, थे तुमाले दिसली. नाल्याकाठच्या बाकीच्या सात गावात किती हायत, मास्तरच्या वहीत लिवलं हाय काय?"

मास्तरांनी वही उघडली, बंद केली. मतदारयादीत बाईच्या नवऱ्याचं नाव असतं. माहेरचं नसतं. इतकी वर्षं लोक निवडणुका लढवत आले, आणि बाईचं माहेर कुठलं ते कोणत्याच कागदावर नाही.

मतमोजणी छिंदवाड्याला होती. तेव्हा आमचा जिल्हा तोच. मोजणी म्हणजे काय, तर जाळीच्या अलीकडं आपली माणसं, पलीकडं टेबलं, यंत्रं उघडतात, आकडे वाचतात, फळ्यावर लिहितात. एकेक फेरी होते. प्रत्येक फेरीला माणूस एकदा मरतो. मी सकाळपासून मागं होतो. दुपारी फरक एवढा झाला की मास्तरांनी पेन खिशात ठेवलं.

मला वाटलं, हरायचं तर देखणं हरावं. उठलो, भैयाजींना कडकडून मिठी मारली, माझ्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी खोक्यातून पेढा काढून माझ्या तोंडात कोंबला. मी बाहेर जाऊन मैदानातल्या लोकांना दोन्ही हात जोडून सांगितलंसुद्धा, "जनतेचा कौल मान्य आहे." भाषण छोटं आणि चांगलं झालं. डोळ्यांत पाणीही वेळेवर आलं.

मास्तर धावत आले. त्या माणसाला मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. वही काखेतून पडली तरी थांबले नाहीत.

"तोंड पुसा," ते म्हणाले.

"काय झालं?"

"तोंडाला पेढा आहे, तो पुसा आधी. नाल्याकडची गावं उघडली."

कळमटोला आणि नाल्याकाठची ती सात गावं शेवटच्या दोन फेऱ्यांत होती. पहिल्या फेरीत फरक अर्धा झाला. दुसऱ्या फेरीला मी जाळी इतकी घट्ट धरली की बोटांवर चौकटी उमटल्या. शेषराव माझ्या मागं उभा राहून पुटपुटत होता, "पांदनीनंच नेलं होतं, पांदनीनंच नेलं होतं." आकडा वाचला. मास्तरांनी बेरीज केली. पुन्हा केली. मग पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही करा. माझा माझ्या बेरजेवर विश्वास नाही."

दोन पंगती. मी पुढं.

भैयाजी आले. गळ्यात माझाच हार. तो काढून परत माझ्या गळ्यात घातला आणि कानात म्हणाले, "वासुदेवभाऊ, पेढा वापस करा." आम्ही दोघं असे हसलो की पोलिसाला वाटलं भांडण सुरू झालं.

बाहेर पडलो आणि कुंदाला फोन लावला. ती म्हणाली, "मले मालूम झालं. आवळघाटात फटाके फुटून राहिले."

महाराष्ट्रात माझ्या विजयाचे फटाके. मला त्या क्षणी वाटलं, आपण किती मोठे झालो. आता वाटतं, त्या फटाक्यांचा अर्थ एवढाच होता की अनसूयाबाईला पूल पाहिजे होता.

विधायक, म्हणजे तुमच्याकडचा आमदार, झाल्यावर माणूस काय करतो? जळालेली डीपी बदलून मिळावी म्हणून फोन करतो, बदल्यांची शिफारस करतो, तेरवीला बसतो, लग्नात उभा राहतो. हे सगळं मी केलं. पण पहिला कागद पुलाचा काढला. उपयंत्री साहेब, म्हणजे सरकारी ज्युनिअर इंजिनिअर, आले, नाला मोजला, टेप गुंडाळला आणि म्हणाले, "सर, हमारी हद बीच नाले तक है. उसके आगे आपका निधि नहीं लगेगा."

इथं शहाण्या माणसानं थांबून पलीकडच्या लोकांना विचारलं असतं. दोन्हीकडची संमती काढली असती, एक-दोन वर्षं गेली असती. पण बोली बोलणाऱ्या माणसाला थांबलेला ढीग पाहवत नाही. मी म्हणालो, "तो बीच तक बना दो. आधा देखके उनको शरम आएगी, वो बाकी बना देंगे."

उपयंत्र्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी असे बरेच आमदार पाहिले असावेत. पूल बांधला. मजबूत, दीड माणूस उंच, दोन्हीकडून कठडे. आमच्या काठावरून सुरू होऊन नाल्याच्या बरोबर मध्यात एका खांबावर संपलेला. तिथून पुढं हवा.

मग मी पलीकडं गेलो. त्यांच्या सरपंचाकडं, त्यांच्या पंचायत समितीत, त्यांच्या आमदाराकडं. सगळ्यांनी चहा दिला. सगळ्यांनी एकच विचारलं, "आम्ही मागितला होता का?" एक अधिकारी तर फार प्रेमानं म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी बोलला असतात तर आमच्या आराखड्यात घातलं असतं. आता त्याला 'अपूर्ण काम' म्हणावं की 'नवीन काम', याचंच पत्र वर गेलं आहे." ते पत्र वरच राहिलं.

भोपाळला विधानसभेत मी प्रश्न लावला. चार दिवस हिंदी पाठ केली. उभा राहून विचारलं की सीमावर्ती नाल्यावरील पूल अर्धा का आहे, त्याला जबाबदार कोण. मंत्रिमहोदय कागद पाहून शांतपणे म्हणाले, "माननीय सदस्य के ही निधि से, माननीय सदस्य के ही आग्रह पर." सभागृह दोन मिनिटं हसत होतं. भैयाजींच्या पक्षाचे लोक बाकं वाजवत होते, पण खरं सांगतो, आमच्या बाजूच्या बाकांवर आवाज जास्त होता.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा अनसूयाबाईनं निरोप पाठवला. गेलो. ती त्यांच्या काठावर, मी पुलाच्या टोकावर. मध्ये हवा.

"काऊन बावा," ती ओरडली, "आता मले उडता येईन का?"

मी जीपवरची शिडी सोडली. प्रचाराची, माझ्या बगीच्यातली. शेषरावनं आणि मी ती पुलाच्या टोकाला घट्ट बांधली, खाली नाल्यात मोठे दगड रोवून टेकवली आणि पलीकडच्या काठापर्यंत गोटे टाकले. चार नाही, नऊ लागले. म्हणालो, "माय, बाकीचा अर्धा होईस्तोर हे वापरा. माही शिडी हाय, परत घेऊन जाईन."

म्हणजे शेवटी मी तिला तेच दिलं, जे तिनं पहिल्या दिवशी मागितलं होतं. मध्ये एक अर्धा पूल विनाकारण उभा राहिला.

लोक शिडी वापरू लागले. पाणी फार नसलं की चालायचं. बाया डोक्यावर टोपलं घेऊन उतरायच्या. लग्नाच्या वरातीतला बँडवाला ढोल गळ्यात घेऊन उतरला, हेही मी पाहिलं. मला त्यात मजा वाटायची. मी पाहुण्यांना मुद्दाम तिथं नेऊन दाखवायचो.

मग निवडणुकीच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला शोभा माहेरून परत येताना पायरी मोडली. सहावी. पडली ती नाल्यातल्या दगडावर. मनगट मोडलं. नागपूरला दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. मी स्टूल ओढून बसलो. तीच म्हणाली, "भाऊ, बांबू जुना झाला होता. तुमी काय कराल." त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं भैयाजींच्या पाच वर्षांच्या भाषणांनी लागलं नव्हतं. कारण बांबू जुना झाला की बदलायचा, हे मी लहानपणापासून बगीच्यात पाहत आलो होतो. आणि ती शिडी मी पाहुण्यांना दाखवत होतो.

त्या वर्षी भैयाजींनी मोठा फलक लावला. अर्ध्या पुलाचा फोटो, टोकावर मी हात जोडून. खाली लिहिलं होतं: 'अर्धा पूल, अर्धा आमदार, आता पूर्ण सुट्टी.' मजकूर कोणी लिहिला ते मी विचारलं, कारण तो माणूस मला माझ्याकडं पाहिजे होता.

मतदानाच्या दिवशी कळमटोल्याच्या केंद्राबाहेर शोभा दिसली. प्लास्टर नुकतंच निघालं होतं, हात पांढरा पडलेला. रांगेत उभी होती. माझ्याकडं पाहून हसली. मी नजर खाली घातली.

एका पंगतीनं हरलो. या वेळी पेढा खाल्ला नाही. शेवटची फेरी होईपर्यंत तोंड बंद ठेवलं, तेवढंच शिकलो होतो.

त्याच सुमाराला पांढुर्णा जिल्हा झाला. मंडीत परत गेलो तेव्हा लोक म्हणाले, "भाऊ, तुमी पडले आन् जिल्हा झाला." मी म्हणालो, "आधी सांगितलं असतं तर आधीच पडलो असतो."

आता पूल. मी आमदार नव्हतो, त्यामुळं माझं कोणी ऐकायची गरज नव्हती, आणि मी बोली लावायचीही गरज नव्हती. महिन्यातून दोनदा आवळघाटला जायचो, पारावर बसायचो. भाषण नाही. कोणाच्या लेकी कुठल्या गावात, एवढं विचारायचो आणि मास्तरांच्या जुन्या वहीत, यादीच्या समासात लिहायचो. मास्तर सोबत यायचे. ती यादी घेऊन आवळघाटच्या बाया त्यांच्या ग्रामसभेत बसल्या, पुढच्या ग्रामसभेतही बसल्या. त्यांच्याकडंही निवडणूक आली. त्यांच्या उमेदवारांना कळलं की हा नाला म्हणजे किती माहेरं. माझ्या वेळी हे एकट्या कुंदाला कळलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दुसरा अर्धा झाला.

मला कोणी बोलावलं नव्हतं. बोलावणार तरी कशाला? त्या राज्याचा मी कोणी नाही आणि या राज्याचा आता कोणी नाही. अनसूयाबाईचा निरोप आला, "येऊन जाय." एकटाच गेलो. पुढाऱ्यांचा कार्यक्रम आटोपला होता, मंडप सोडत होते. पूल चालत गेलो. बरोबर मध्यात सिमेंटचा रंग बदलतो. आमचा काळवंडलेला, त्यांचा पांढरा. आणि त्यांची बाजू बोटभर उंच आहे. तिथं मला ठेच लागली. माझ्या पुलावर मला ठेच लागावी हे बरोबरच होतं.

अनसूयाबाई कठड्याला टेकून उभी, बाजूला शोभा. सासूची तक्रार चालली असावी. मी आलो तसं दोघी गप्प झाल्या.

"आला काय बावा. पाह्य, एसटी नाही जात याच्यावरून. थो अरुंद झाला म्हने."

"मी बोललो होतो जाईन म्हनून."

"तू लय काही बोलला होता." ती हसली. "आमाले पायीच जायाचं होतं."

मला राहवलं नाही. शोभाला विचारलं, "ताई, एक विचारू काय? त्या साली मत कोनाले देलं होतं?"

"थे सांगत नसतात ना भाऊ," शोभा म्हणाली. "तुमीच शिडीवर चढून सांगतलं होतं म्हने, मत गुप्त असते."

"थे तं मी महाराष्ट्रात सांगतलं होतं."

"माय सांगते ना मले सगळं. बोंबलून."

अनसूयाबाई खाली वाकली आणि कठड्याला टेकवलेली शिडी उचलायला लागली. माझी शिडी. बांबू काळा पडलेला, प्रचारात दिलेला रंग अजून एका बाजूला. सहावी पायरी नवी होती, ताज्या पिवळ्या बांबूची, सुतळीनं घट्ट बांधलेली.

"हे कोनं लावली?"

"हिच्या नवऱ्यानं. हिचा हात बरा झाल्यावर लगेच. बाकीच्याले कामात पडत होती ना." तिनं शिडी माझ्या खांद्याला लावली. "घेऊन जाय आता. परत नेईन म्हनला होता."

खांद्यावर शिडी घेऊन मी पुलावरून निघालो. अर्ध्यावर पाय उचलून टाकला. ठेच लागली नाही. पांदणीनं चालत येताना दोन बगीच्यांतल्या बायांनी झाडावरून विचारलं, "भाऊ, पुन्हा उभे राहून राहिले काय?" मी म्हणालो, "नाही वं, घरी जाऊन राहिलो."

दारात कुंदा सूप घेऊन बसली होती. तिनं शिडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आता कोन्या गावाले काय देऊन आले?"

"काही नाही," मी म्हणालो. "घेऊन आलो."